दोन सेलचा उजेड

आमच्या घरात टॉर्चला टॉर्च कुणीच म्हणत नसे. विजेरी हा शब्द शाळेच्या पुस्तकात भेटला आणि तिथंच राहिला. आमच्याकडे ती बॅटरी, आणि तिच्या पोटात घालायचे ते सेल. दोन सेलची बॅटरी, तीन सेलची बॅटरी. पुण्यात नोकरीला आल्यावर एका दुकानदाराला मी ‘बॅटरी दाखवा’ म्हटलं, तर त्यानं घड्याळात बसते तेवढी चपटी टिकली काउंटरवर ठेवली. तेव्हापासून शहरात टॉर्च आणि गावी बॅटरी असे दोन शब्द मी दोन खिशांत ठेवते. इथं मात्र मी बॅटरीच म्हणणार आहे.

माझ्याकडे आजघडीला अकरा बॅटऱ्या आहेत. एक लोणच्याच्या बरणीएवढी, एक लिपस्टिकएवढी, बाकीच्या अधल्यामधल्या. बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात त्या असतात, आणि सोबत काळ्या चिकटपट्टीचा रोल, सायकलच्या ट्यूबचे कापलेले तुकडे, जिलेटीन पेपर, पाइपाची टोकं आणि एक चहाची गाळणी. पाहुण्यांपैकी कुणी आशेनं डबा उघडला तर चेहरा बघण्यासारखा होतो. नवरा सांगतो, ‘तिचं घरफोडीचं सामान आहे ते.’

सामान रात्री फोटो काढायचं आहे. कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवायचा, शटर उघडं ठेवायचं, अर्धं मिनिट, दोन मिनिटं, कधी चार. तेवढ्या वेळात अंधारात चालत जाऊन बॅटरीनं एकेका वस्तूवर उजेड फिरवायचा. जिथं उजेड लागला तेवढंच फोटोत उमटतं. आपण काळे कपडे घालून हलत राहिलो आणि स्वतःवर उजेड पडू दिला नाही, तर चौकटीच्या ऐन मध्यात फिरूनही फोटोत येत नाही. याला सगळे लाइट पेंटिंग म्हणतात. मराठीत प्रकाशचित्र म्हणजे साधा फोटोच, त्यामुळे तो शब्द आधीच खर्ची पडलेला. मला विचाराल तर हे सारवणं आहे. काकी ओटा सारवायची तेव्हा तिचा हात अर्धगोल फिरायचा, पुढचा फेर आधीच्या फेराच्या कडेवर जरासा चढायचा, म्हणजे मध्ये कोरडी फट राहात नसे. हात एका जागी रेंगाळला की तिथं शेणाचा थर बसायचा आणि वाळल्यावर पोपडा निघायचा. बॅटरीचा हातही असाच चालावा लागतो. रेंगाळला की तिथं पांढरा डाग, घाई केली की फट.

माझा विषय गेली सहा-सात वर्षं एकच आहे, आमच्या मळ्यातली मोटेची विहीर. गाव सिन्नर तालुक्यात. काळ्या दगडाची बांधणी, काठावर मोटेचं चाक ज्यांच्यामध्ये बसायचं ते दोन दगडी खांब, मोट रिकामी व्हायची ते थारोळं, आणि बैलांनी मागंपुढं करून झिजवलेली उतरती धाव. मोट थांबली ती ऑइल इंजिन आल्यावर, मग विजेची मोटार आली, आणि आता थारोळ्यात घाणेरी वाढली आहे. दिवसा फोटो काढावा तर विजेचे खांब, ठिबकच्या नळ्यांची वेटोळी, मागं कांद्याची चाळ आणि तिच्यावरचा निळा ताडपत्रीचा तुकडा, सगळं चौकटीत घुसतं. रात्री मात्र मला नको असेल ते मी न सारवता सोडून देऊ शकते.

पहिल्या खेपेला मी गेले तेव्हा मोठ्या तोऱ्यात गेले होते. ऑनलाइन मागवलेली, खोक्यावर दोन हजार लुमेन आणि 300 मीटर पल्ला छापलेली बॅटरी सोबत होती. चुलतभाऊ कौतुकानं म्हणाला, ‘हिच्यानं तर बिबट्या आंधळा होईल.’ फोटोत विहिरीच्या भिंतीवर पाच-सहा पांढरी भगदाडं आली आणि मधल्या जागी काहीच नाही. पुन्हा काढला, पुन्हा तेच. मी कॅमेऱ्याला दोष दिला, मग लेन्सला, मग धुक्याला. धुकं नव्हतंच.

दोष कशाचा ते पुण्याला परत आल्यावर कागद-पेन्सिल घेतल्यावर कळलं. कॅमेऱ्याची संवेदनशीलता आयएसओ 100 आणि लेन्सचं छिद्र एफ/8 ठेवलं, तर वस्तू व्यवस्थित उमटायला तिच्यावर साधारण 160 लक्स-सेकंद उजेड पडावा लागतो. लक्स म्हणजे एखाद्या जागेवर किती उजेड पडतो त्याचं माप. म्हणजे 16 लक्सचा उजेड 10 सेकंद, किंवा 160 लक्सचा एक सेकंद. झोताची तीव्रता कँडेलामध्ये मोजतात आणि तिला अंतराच्या वर्गानं भागलं की त्या जागी किती लक्स पडतात ते निघतं. आता खोक्यावर कँडेला छापलेले असतीलच असं नाही, पण पल्ला बहुधा असतो. तो पल्ला म्हणजे ज्या अंतरावर झोत 0.25 लक्सवर उतरतो ते अंतर. पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड. त्यामुळे पल्ल्याचा वर्ग करून चारनं भागलं की कँडेला हातात येतात. 300 चा वर्ग भागिले 4, म्हणजे 22,500. विहिरीपलीकडच्या भिंतीपासून मी पाच मीटरवर उभी होते. 22,500 भागिले 25, म्हणजे 900 लक्स. एका जागेचं काम सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत संपत होतं आणि मी तिथं सेकंद-दोन सेकंद हात ठेवत होते. काकीला कुणी आगीच्या बंबाच्या नळीनं ओटा सारवायला सांगावं, तशी गत.

हेच गणित उलटं केलं. पाच मीटरवरून 10 सेकंद निवांत हात फिरवायचा असेल तर 16 लक्स हवेत, म्हणजे 400 कँडेला, म्हणजे खोक्यावर पल्ला फक्त 40 मीटर. इतका दुबळा पल्ला छापलेली बॅटरी कुणी कौतुकानं विकत नाही आणि घेतही नाही. दुकानात मी ‘कमी उजेडाची दाखवा’ म्हणते तेव्हा समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग माझ्या मागं कुणी शहाणं माणूस उभं आहे का ते बघतो.

कमी उजेडाची बॅटरी घरातच होती. आप्पांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या उशाशी. पितळी, दोन मोठ्या सेलची, काचेच्या कडेला चेपलेली. पितळेवर हाताच्या पकडीच्या जागी रंग वेगळा झालेला. ती त्यांनी कधी घेतली ते त्यांनाही सांगता येत नाही, बहुतेक विहिरीवर मोटार बसली त्याच्या आसपास. आमच्याकडे शेतीची लाईट पाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की दारं धरायला रात्रीच जावं लागतं. एका वाफ्यात पाणी भरलं की बांध फोडून पुढच्या वाफ्यात सोडायचं, आणि हे सगळं चिखलात, थंडीत, पायाखाली काय आहे ते न दिसता. बॅटरी म्हणजे त्या रात्रीचं खरं अवजार, फावड्याइतकंच.

पण सेल महाग. महिन्याच्या बाजारात सेलचा जोड आला की तो दोन महिने पुरला पाहिजे असा हिशेब. मंदावलेले सेल घराच्या पत्र्यावर उन्हात ठेवलेले मला आठवतात. ऊन लागलं की ते आणखी दोन-तीन रात्री काढायचे. या कंजुषीतून आप्पांचा हात घडला होता. ते बॅटरी सलग कधी लावत नसत. एक क्षण लावायची, पुढची दहा पावलं डोक्यात साठवायची, बंद करायची आणि त्या आठवणीवर चालायचं. आणि लावली तरी काचेवर तळहात. बोटांमध्ये हवी तेवढी फट ठेवून उजेड फक्त पावलापुढं पाडायचा. ‘सगळा उजेड सोडला की डोळे दिपतात, मग उजेडाच्या पल्याडचं काहीच दिसत नाही,’ असं ते म्हणायचे. गाय व्यायला झाली की गोठ्यात बॅटरीच्या तोंडावर धोतराचा सोगा टाकलेला असायचा, जनावर बुजू नये म्हणून.

तिशी उलटल्यावर मी लाइट पेंटिंगवाल्यांचे व्हिडिओ बघायला लागले, त्यात बॅटरीच्या तोंडाला लावायच्या काळ्या नळीला स्नूट म्हणतात, पांढऱ्या टोपणाला डिफ्यूजर म्हणतात आणि दोन्ही विकत मिळतात. मी मागवणारही होते. मग आठवलं, आप्पांचा तळहात हा स्नूट होता आणि धोतराचा सोगा हा डिफ्यूजर.

तेव्हापासून मी विकतच्या गोष्टींना हात लावला नाही, एक-दोन मोह सोडले तर. पुण्यात हे सामान जमवायला एक शनिवार पुरतो आणि सगळं पायी होतं. अप्पा बळवंत चौकात काळा कार्डशीट, ट्रेसिंग पेपर आणि रंगीत जिलेटीन पेपर. गणपतीच्या आधी गेलं तर जिलेटीनच्या छटा दुप्पट असतात. बोहरी आळीत पाइपाचे जोड. प्लंबिंगवाल्याकडे बॅटरीच घेऊन जायचं आणि कुठला जोड तिच्या डोक्यावर घट्ट बसतो ते बसवून बघायचं. तपकीर गल्लीत सेल, स्विच आणि खूप सल्ला. आणि घराजवळच्या पंक्चरच्या दुकानात सायकलची टाकून दिलेली ट्यूब. ही ट्यूब म्हणजे माझ्या मते या सगळ्या उद्योगातला सर्वांत मोठा शोध आहे. तिचं दोन इंच रुंद कडं कापलं की कुठलीही वस्तू कुठल्याही बॅटरीच्या तोंडावर चढते, सरकत नाही, खडखडत नाही, आणि अंधारात बोटांनी चाचपूनही काढता येते. चिकटपट्टी दवात सुटते. ट्यूब सुटत नाही.

नळी करायची तर आतून काळी, आणि चकचकीत काळी नाही. माझी पहिली नळी गुळगुळीत पाइपाची होती. तिच्या आतल्या भिंतीवरून उजेड घरंगळत बाहेर यायचा आणि कॅमेऱ्याला एक चमकती कडी दिसायची. मग शाळेच्या फळ्याला लावतात तो काळा रंग आतून फासला. तो उजेड गिळून टाकतो. नळी जितकी लांब तितका झोत अरुंद, आणि कडा तितकी धारदार. चौकटीच्या आत उभं राहून काम करायचं तर नळीला पर्याय नाही, कारण काचेचं तोंड कॅमेऱ्यानं पाहिलं की फोटोत तेवढी पांढरी रेघ कायमची. थारोळ्याच्या आत वाकून, कॅमेऱ्याकडे पाठ करून, नळीतून घाणेरीच्या एका फांदीवर चार सेकंद उजेड सोडणं, ही कसरत करताना माझ्या पाठीतून दरवेळी एक आवाज येतो.

झोताचा पोत हा एक वेगळाच विषय आहे आणि त्यावर मी जरा जास्त बोलते, असं घरचे म्हणतात. बॅटरी पांढऱ्या भिंतीवर मारून बघावी. साध्या वाटीसारख्या आरशाची असेल तर मध्ये तेजस्वी ठिपका आणि भोवती फिकट वर्तुळ. त्या ठिपक्याची कड कडक असेल तर सारवताना दगडावर पट्टे उमटतात. आत आरशाला संत्र्याच्या सालीसारखा खरबरीतपणा असेल तर ठिपका विरघळतो. पुढं भिंग असलेली, पुढंमागं सरकवायची ती झूमवाली बॅटरी पूर्ण ताणली की भिंतीवर चक्क एलईडीच्या चौकोनी तुकड्याचं चित्र पडतं, पिवळट चौकोन. त्या बॅटरीनं सारवलेली भिंत म्हणजे फरशी बसवल्यासारखी दिसते. अशीच एक माझ्याकडे पडून होती. तिच्या तोंडावर ट्रेसिंग पेपरचे दोन थर ट्यूबनं आवळले आणि ती माझी सर्वांत आवडती झाली. पेपरनं उजेड निम्म्याहून कमी केला. तोच तर मला हवा होता.

आणि उजेड कुठून मारायचा? कॅमेऱ्याच्या बाजूनं कधीच नाही. कॅमेऱ्याजवळून मारला की दगड लग्नाच्या अल्बममधल्यासारखा सपाट, गोरा दिसतो. बाजूनं, भिंतीला जवळजवळ घासून झोत सोडला की पाथरवटाच्या छिन्नीचा एकेक घाव सावली घेऊन उभा राहतो. धावेवरच्या दगडात बैलांच्या खुरांनी पडलेले खळगे मी लहानपणापासून तुडवलेत, पण ते आहेत हे मला फोटोत पहिल्यांदा कळलं.

आता रंग. आमच्या भागातला दगड बसॉल्ट. काळा म्हणतो आपण, पण त्यात तपकिरी असतं, शेवाळ्याचा हिरवा असतो, चुन्याचे ओघळ असतात. बाजारातल्या बहुतेक एलईडी बॅटऱ्यांचा उजेड निळसर पांढरा, 6500 केल्व्हिनच्या आसपासचा. केल्व्हिन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. त्यात आमची विहीर सिमेंटची दिसते. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. निळ्या दिव्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर देऊन त्याला पांढरं केलेलं असतं. त्या निळ्या दिव्यासाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि ते योग्यच होतं. पण स्वस्त एलईडीच्या उजेडात लाल रंग फार थोडा असतो. विहिरीच्या कडेला शेंदूर फासलेला म्हसोबा आहे. स्वस्तातल्या बॅटरीच्या उजेडात त्याचा शेंदूर जुन्या विटेसारखा मळका येतो. त्यासाठी सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, 90 च्या वर असलेला एलईडी बघून घ्यावा लागतो, आणि केल्व्हिन 3000 ते 4000 च्या मधला. माझी जास्तीचे पैसे मोजून घेतलेली तेवढी एकच. बाकी म्हसोबाला आप्पांची पितळी बॅटरी लावली की कुठला आकडा विचारावा लागत नसे. तापलेल्या तारेच्या उजेडात लाल ठासून भरलेला असतो, आणि सेल उतरले की आणखी भरतो. तार कमी तापते, उजेड पिवळ्याचा नारिंगी होतो. मंदावलेल्या सेलची बॅटरी मला फोटोसाठी नव्या सेलच्या बॅटरीपेक्षा जास्त आवडते, हे आप्पांना सांगायचं धाडस मी अजून केलेलं नाही. पत्र्यावर सेल वाळवणाऱ्या माणसाला ते कसं सांगायचं?

भाच्याला या सगळ्यात रस नाही. त्याला उजेड वस्तूवर टाकायचा नसतो, कॅमेऱ्याच्या डोळ्यात टाकून हवेत चित्रं काढायची असतात. हा दुसरा, आणि लोकांना जास्त ठाऊक असलेला प्रकार. 1949 मध्ये जॉन मिली नावाच्या छायाचित्रकारानं फ्रान्समधल्या व्हॅलोरिसला जाऊन पिकासोच्या हातात एक छोटा विजेचा दिवा दिला आणि पिकासोनं अंधारात बैल, सेंटॉर म्हणजे अर्धा माणूस-अर्धा घोडा, फुलदाणी असं काय काय काढलं. चित्र पुरं होईपर्यंत त्याला स्वतःलाही ते दिसत नव्हतं. भाच्याला मी पिकासोची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, ‘मी डायनासोर काढतो.’ त्याच्यासाठी तीस सेंटिमीटरची पारदर्शक फूटपट्टी पॉलिश पेपरनं घासून धुरकट केली, एका टोकाला बॅटरी बांधली. पट्टीतून उजेड धावतो आणि घासलेल्या पृष्ठभागावरून बाहेर सांडतो. हवेत ओढली की रेशमी पदरासारखा पट्टा उमटतो. डायनासोर पदर घेतलेला निघाला.

याच प्रयोगात एक गंमत झाली. एका बॅटरीनं काढलेली रेघ सलग येईना, टाके घातल्यासारखी तुटक यायची. मंद मोडवर लावली की तुटक, पूर्ण लावली की सलग. पुष्कळशा स्वस्त बॅटऱ्या मंद होतात म्हणजे प्रत्यक्षात मंद होतच नाहीत, सेकंदाला शेकडो वेळा लावल्या-विझवल्या जातात आणि डोळा फसतो. समजा सेकंदाला 200 वेळा, आणि भाच्यानं हात सेकंदाला दोन मीटर वेगानं फिरवला, तर दर सेंटिमीटरला एक टाका. डोळा फसला तरी कॅमेरा फसत नाही. तेव्हापासून नवी बॅटरी घेताना दुकानातच मंद करून मी ती फोनच्या कॅमेऱ्यासमोर झर्रकन हलवून बघते. वाचताना मग लक्षात आलं की हे टाके एका जोडप्यानं मुद्दाम पाडले होते. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ हे अमेरिकेतले, कामगारांच्या हालचालींचा अभ्यास करणारे. 1914 च्या सुमारास त्यांनी कामगारांच्या बोटांना छोटे दिवे बांधले, शटर उघडं ठेवलं आणि हात कसकसा फिरतो त्याची रेघ फोटोत पकडली. पुढं दिवा ठरावीक गतीनं लुकलुकता केला, म्हणजे टाके मोजून वेळही कळे. त्याच्याही आधी, 1889 मध्ये, पॅरिसला मारे आणि देमेनी यांनी माणसाच्या सांध्यांना दिवे लावून त्याची चाल टिपली होती. म्हणजे या छंदाची सुरुवात कलेसाठी झालीच नाही. माणूस श्रम करताना, चालताना कुठं कुठं हलतो ते बघायला झाली. काकीच्या बोटांना दिवे बांधून ओट्याचं सारवण टिपायला हवं होतं, असं माझ्या मनात येऊन गेलं. आता ओट्यावर फरशी आहे.

स्विचबद्दल न बोललेलंच बरं, पण बोलते. हल्लीच्या बॅटऱ्यांत एकाच बटणात पाच खेळ असतात, पूर्ण, मध्यम, मंद, मग डोळे फोडणारं लुकलुकणं आणि शेवटी संकटाचा इशारा. शटर उघडं असताना मंदवरून बंद करायला जावं तर वाटेत लुकलुकणं लागतं आणि तीन मिनिटांची मेहनत वाया जाते. अशा रीतीनं मी किती फोटो घालवले त्याची गणती नाही. उपाय शेवटी आप्पांचाच सापडला. बॅटरी आधीच हव्या त्या मोडवर लावायची, काच तळहातानं पूर्ण झाकायची, जागेवर जायचं, तळहात उघडायचा, सारवायचं, मिटायचा. स्विचला हात लावायचाच नाही. फक्त तेज बॅटरी असेल तर हात भाजतो, आणि बोटांच्या कडांमधून लालबुंद उजेड गळतो.

तार जाळून ठिणग्यांची चक्रं फिरवतात तो प्रकार मी करत नाही. कांद्याची चाळ आणि वाळलं गवत असलेल्या रानात तो कुणीच करू नये, गडांवर तर नाहीच. फोटो छान येतात, मला मान्य आहे.

रानात रात्री बॅटऱ्या हलवायच्या तर आधी वस्तीवर सांगून यावं लागतं. पहिल्या वर्षी मी सांगितलं नव्हतं. विहिरीवर उजेड हलतोय, मध्येच जातोय, पुन्हा येतोय, हे बघून शेजारच्या मळ्यातले चौघं काठ्या घेऊन आले. आता फोन करून सांगते, तरी एखादा गंमत म्हणून येतोच. चुलतभाऊ सोबत असतो, त्याच्या हातात ती दोन हजार लुमेनची बॅटरी, बिबट्यासाठी. ती अशा प्रकारे कामाला आली. तो मोबाइलवर गाणी मोठ्यानं लावून ठेवतो आणि मध्येमध्ये खोकतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, पौष महिना, अमावास्या दोन दिवसांवर. मी चार मिनिटांचं शटर उघडलं होतं. भिंत झाली, खांब झाले, थारोळ्यात वाकलेली असताना बांधावरून एक पिवळा ठिपका येताना दिसला. आप्पा. वय पंच्याऐंशीच्या पुढं, थंडी मरणाची, घरी सगळ्यांनी सांगितलं असणार की जाऊ नका. ठिपका लागायचा, विझायचा, काही पावलांनी पुन्हा लागायचा. मी ओरडून सांगणार होते की थांबा, फोटो चालू आहे. मग नाही सांगितलं. ते धावेच्या टोकाशी आले, मी थारोळ्यात आहे हे त्यांना दिसलं असावं, कारण त्यांनी बॅटरीवर तळहात ठेवला आणि तिथंच उभे राहिले.

‘एवढ्या रातच्याला काय सारवती गं?’

शटर मिटलं. आमच्या कॅमेऱ्याला चार मिनिटांच्या फोटोनंतर आणखी चार मिनिटं लागतात, त्या काळात तो शटर बंद ठेवून नुसता अंधार टिपतो आणि फोटोतले खोटे ठिपके त्या अंधाराशी ताडून काढून टाकतो. ती चार मिनिटं आम्ही तिघं धावेवर बसून होतो. आप्पांनी मोटेचा नाडा कुठून कसा यायचा ते हातानं दाखवलं. अंधारात मला हात दिसत नव्हता, स्वेटरची सरसर ऐकू येत होती.

फोटो आला. विहीर ठीक आली होती, डाव्या खांबावर हात रेंगाळल्याचा डाग होता. पण बांधावर, जिथं मी काहीच सारवलं नव्हतं, तिथं पिवळ्या अंडाकृती तुकड्यांची एक माळ उमटली होती. प्रत्येक तुकड्यात तेवढीच जमीन दिसत होती, दोन ढेकळं, गवताचं एक पातं, पाण्याच्या पाटाची कड. तुकड्यांमध्ये सारखंच अंतर. आप्पा स्वतः कुठंच नव्हते. माळेच्या शेवटी धावेच्या टोकाशी, कमरेच्या उंचीवर, लाल रंगाचा एक धूसर डाग होता, करंजीएवढा.

मी कॅमेरा त्यांच्यापुढं धरला. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं.

‘यात मी कुठंय?’

‘हा लाल आहे ना, तो तुमचा हात.’

‘हात एवढा लाल कशाला होईल?’ म्हणून त्यांनी लगेच बॅटरी लावून तळहात वर ठेवला आणि बघितलं. मग बंद केली. सेल होते ना आत.

गेल्या दिवाळीत त्या बॅटरीचा बल्ब गेला. तपकीर गल्लीत पाच दुकानं फिरले. तारेचा बल्ब कुणाकडेच नव्हता. एकानं त्याच आट्यांवर बसणारा एलईडीचा बल्ब दिला, म्हणाला, ‘सेल तिप्पट चालतील, ताई.’ गावी जाऊन मी तो बसवला. आत बसवताना मला उगीच वाईट वाटत होतं. आप्पांनी बटण दाबलं, ओट्यावरून गोठ्याकडे झोत टाकला. निळसर पांढरा, स्वच्छ, कडेला वर्तुळं नाहीत की मध्ये तो जुना काळा ठिपका नाही.

‘हे बघ, आता कसं लख्ख दिसतंय,’ आप्पा म्हणाले. खुंटीवरच्या दोराचे पीळसुद्धा मोजता येतील म्हणाले. म्हैस बुजली, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

मी डब्यातून नारिंगी जिलेटीनचा तुकडा काढला आणि काचेवर धरून दाखवला, जुना रंग परत येतो का ते.

‘इतक्या वर्षांनी पांढरा उजेड मिळाला,’ ते म्हणाले, ‘आणि तू त्यावर पिवळा कागद डकवती?’

मी तुकडा काढून घेतला. दुसऱ्या रात्री विहिरीवर जाताना तोच माझ्या बॅटरीला ट्यूबनं बांधला. आप्पा आले नाहीत, थंडी होती. घरातून त्यांचा पांढरा झोत तेवढा एकदा आमच्या दिशेनं आला, बोटांच्या फटीतून सोडल्यासारखा चिरलेला, आणि बंद झाला.